‘कोर्ट’ पुन्हा पाहताना : मनमानी कुणाची?



हे व्याख्यान आम्ही दोनदा दिलं. आधी नांदेडला, मग लातूरला. नांदेडला लिहून आणलेलं वाचलं. लातूरला लोकांनी वाचू दिलं नाही, मध्येच उठून बोलायला लागले. हे शब्दांकन दोन्हीकडचं मिळून आहे, त्यामुळे काही ठिकाणी बोलण्याची गाडी रुळावरून घसरलेली दिसेल. ती तशीच ठेवली आहे.

विषय ठरला होता मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांची मनमानी अटक. एवढ्या मोठ्या विषयावर आमच्यासारख्यांनी कायद्याचं प्रवचन द्यावं, त्यापेक्षा आम्ही एक सिनेमा घेतला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसला दाखवला गेला, तिथे बक्षिसं मिळाली, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो थिएटरात आला. त्यानंतर देशात आणि महाराष्ट्रात जे जे घडलं ते पाहून झाल्यावर हा सिनेमा पुन्हा पाहिला तर कसा दिसतो, आणि कुठे कमी पडतो, हे आम्हाला सांगायचं आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. नारायण कांबळे, वय पासष्ट, लोकशाहीर. शिकवण्या घेतो, वस्त्यांत जाऊन गातो. एका कार्यक्रमात मंचावरूनच पोलीस त्याला उचलतात. आरोप काय? तर त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटारसफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. बचावाला विनय व्होरा नावाचे वकील, सरकारी वकील नूतन, न्यायाधीश सदावर्ते. पुढे साक्षीपुरावे, तारखा. शाहीर जामिनावर सुटतो, काम चालूच ठेवतो, पुन्हा उचलला जातो, यावेळी यूएपीए. न्यायाधीश जामीन नाकारतात आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते.

झाली गोष्ट. यात दंगल नाही, मारहाण नाही, खलनायक नाही. कुणी आवाजही फारसा चढवत नाही. नांदेडला एक गृहस्थ मध्यंतराआधीच उठून गेले आणि जाताना म्हणाले, “यात काही होतच नाही.” आम्ही त्यांना थांबवलं नाही. पण त्यांच्या तक्रारीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण ती तक्रार बरोबर आहे.

कॅमेरा हलत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मृणाल देसाई यांचा कॅमेरा खोलीच्या एका टोकाला उभा राहतो आणि तिथून सगळं बघतो. जिल्हा न्यायालयात तारखेला गेलेल्या माणसाला ही जागा लगेच ओळखू येईल. ती मागच्या बाकड्याची जागा आहे. आपल्या प्रकरणाचा पुकारा होईपर्यंत तिथे बसायचं, दुसऱ्यांची प्रकरणं ऐकायची, पंखा मोजायचा. हिंदी सिनेमातलं कोर्ट आपल्याला वकिलाच्या खांद्यावरून दिसतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तेंडुलकरांचं नाटक आठवून पाहा, तिथला खटला खोटा आहे पण क्रौर्य लखलखीत आहे, प्रत्येक वाक्याला धार आहे. ताम्हाणेंनी ती धार काढून घेतली. सिनेमातल्या कोर्टात क्रौर्य कंटाळ्याच्या रूपात येतं. सरकारी वकील कलमं वाचते ती किराणा यादी वाचावी तशी. एका बाईने बिनबाह्यांचा ब्लाऊज घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण त्या दिवशी घेतच नाहीत, आणि पुढचं प्रकरण पुकारतात. त्या बाईचं पुढे काय झालं? सिनेमाला माहीत नाही. मागच्या बाकड्यावरच्या माणसालाही ते माहीत नसतं.

या कंटाळ्यात एक माणूस आत बसलेला आहे, हे सिनेमा आपल्याला मुद्दाम विसरायला लावतो. दोन-तीन दृश्यं जातात, नूतनबाई मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटकाला जातात. व्होरा दुकानात वाइन आणि चीज घेतात, गाडीत जॅझ ऐकतात. आपण रमतो. मग अचानक पुढची तारीख येते आणि लक्षात येतं, अरे, हा म्हातारा एवढे दिवस आतच होता. हे आमच्या मते सिनेमाचं सगळ्यात मोठं यश. अटक कशी चालते हे तो प्रेक्षकाच्या विसरण्यातून दाखवतो.

आता शब्दाबद्दल. ‘मनमानी अटक’ असं आपण म्हणतो. मनमानी म्हणजे कुणाच्या तरी मनाला येईल तसं. या शब्दामागे एक राजा उभा असतो. मराठवाड्याला तो राजा नवा नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची, आणि त्या हुकमाला लोक ‘गश्ती निशाण ५३’ म्हणायचे. जुन्या माणसांच्या तोंडी हा आकडा अजून आहे. १९३८ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं अधिवेशन लातूरला भरलं, त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर ती नीट जन्माला येण्याआधीच बंदी आली, स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात पोरांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. तिथून ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेलं आणि शेकडो विद्यार्थ्यांवर शिक्षण सोडायची वेळ आली. कित्येकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. गाणं म्हटलं, हाच गुन्हा. नारायण कांबळ्यांची गोष्ट आपल्याकडे पंच्याहत्तर वर्षं आधी घडून गेली आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश झेंडे लावत होता तेव्हा स्वामीजींना हैदराबादेत झेंडा फडकवल्याबद्दल पकडलं गेलं.

पण नीट बघा. निजामाच्या मनमानीलाही नंबर होता. ५३. फाइल होती, शिक्का होता, अंमलदार होता आणि तो अंमलदार नियमाप्रमाणेच वागत होता. म्हणजे मनमानी आणि नियम हे दोन वेगळे प्राणी आहेत ही आपली समजूतच कच्ची. संयुक्त राष्ट्रांचा मनमानी अटकेसंबंधीचा कार्यगट १९९१ पासून काम करतो, त्याची भूमिकाही हीच आहे की देशाच्या कायद्यात बसणारी कैदसुद्धा मनमानी असू शकते. एखाद्याने बोलण्याचं, जमण्याचं स्वातंत्र्य वापरलं म्हणून त्याला आत टाकलं, किंवा खटल्याविना ताटकळत ठेवलं, तर कागद कितीही व्यवस्थित असोत.

यूएपीएचा कागद तर फारच व्यवस्थित आहे. आरोपपत्र न ठेवता १८० दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं. जामीन मागितला की कोर्टाने पोलिसांचे कागद वाचायचे आणि आरोप वरवर पाहता खरा वाटला तर जामीन द्यायचा नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर हे असं आहे. मग खटला चालायची गरजच काय उरली? शिक्षा आधी, खटला सवडीने.

आता सिनेमाच्या बाहेर या.

नारायण कांबळ्यांचं काम करणारे वीरा साथीदार हे व्यवसायाने नट नव्हते. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाशी जोडलेले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. याच ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे. त्यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला अटक झाली, चाळीस महिने आत काढले आणि मे २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. सिनेमा व्हेनिसला पोचला त्याच्या चार महिने आधीची ही गोष्ट. ६ जून २०१८ ला त्यांना पुन्हा अटक झाली, एल्गार परिषदेच्या प्रकरणात. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षं उलटून गेली होती, तीनशेहून जास्त साक्षीदारांची यादी होती, आणि आरोप निश्चित झालेले नव्हते. खटला उभाच राहिला नव्हता.

कबीर कला मंचाचं पाहा. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतः हजर झाले. मंचाचेच सागर गोरखे आणि रमेश गायचोर त्यानंतर हजर झाले. सचिन, सागर आणि रमेश यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. सागर आणि रमेशना सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा अटक झाली, त्यांच्यापाठोपाठ ज्योती जगतापला. गाणारा माणूस, जामीन, पुन्हा अटक. दिग्दर्शकाने २०१४ मध्ये दाखवलेला घटनाक्रम २०२० मध्ये जसाच्या तसा. तेव्हा काही समीक्षकांना सिनेमातला आरोप हास्यास्पद, अतिशयोक्त वाटला होता. आज तो सौम्य वाटतो.

आणि स्टॅन स्वामी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कंपवाताने हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता म्हणून नळीचा पेला मागितला तर त्यासाठी अर्ज, त्याला मुदत, पुन्हा अर्ज. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक, ५ जुलै २०२१ ला मुंबईत मृत्यू, जामिनाचा अर्ज तेव्हा उच्च न्यायालयात चालू होता. त्या कार्यगटाने त्यांची कैद मनमानी होती असं मत दिलं, ते ते गेल्यावर. नळीच्या पेल्याच्या अर्जावर मुदत मागणारा माणूस दुष्ट असेलच असं नाही. तो त्या दिवशी नेहमीसारखाच डबा घेऊन ऑफिसला आला असेल. ‘कोर्ट’ आपल्याला हे समजून घ्यायची नजर देतो, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

आता आमचं भांडण.

सिनेमा न्यायाधीशाच्या सुट्टीवर संपतो. त्याआधी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात, अंधार बराच वेळ पडद्यावर राहतो. अनेकांना तिथेच सिनेमा संपायला हवा होता असं वाटतं. आम्हाला नाही वाटत. त्यानंतरचा भाग, सदावर्ते सहलीला जातात, कुणाच्या तरी मुलाला बोलता येत नाही म्हणून नाव बदला, अंगठी घाला असे सल्ले देतात, बाकड्यावर झोपतात, पोरं ओरडून उठवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा झोपतात. लातूरला इथे खूप हशा पिकला. हे सगळं हवंच होतं. ज्याच्या हातात शाहिराचं आयुष्य आहे त्याचा स्वतःचा तर्क कोणत्या दर्जाचा आहे ते कळतं.

भांडण वेगळं आहे. कॅमेरा सरकारी वकिलाच्या घरी जातो, बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, न्यायाधीशाच्या सहलीला जातो. दुसऱ्यांदा अटक करायचं ज्याने ठरवलं त्याच्याकडे मात्र जात नाही. पोलीस येतात, घेऊन जातात. का आले, कुणी पाठवलं, कोणत्या टेबलावर कोणत्या दिवशी ती सही झाली? सिनेमा म्हणतो, यंत्रणा. सगळे यंत्राचे दात. हे खरं आहे, पण अर्धं. यंत्रणा म्हटलं की सगळे सुटतात. एल्गार प्रकरणाचा तपास २४ जानेवारी २०२० ला पुणे पोलिसांकडून राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. महाराष्ट्रात सरकार बदललं होतं आणि नवं सरकार त्या तपासाचाच फेरआढावा घ्यायच्या गोष्टी बोलत होतं. हा निर्णय दिल्लीत झाला, त्याला तारीख आहे, तो कुणीतरी घेतला. कंटाळा, सवय, उन्हाळ्याची सुट्टी यांतून तो आपोआप उगवला नाही. ‘मनमानी’ या शब्दावर आम्ही मघाशी टीका केली, आता तोच शब्द परत मागतो आहोत. नियम राबवणारे हजार असतात, पण नियम कुणावर राबवायचा हे कुणाच्या तरी मनात आधी येतं. सिनेमाच्या समजूतदारपणात तो माणूस चौकटीबाहेर राहून गेला.

दुसरं. सिनेमा मुंबईचा आहे आणि मुंबईतच राहतो. आमच्याकडे अटकेला अंतर असतं. २०१२ मध्ये नांदेडची पाच तरुण मुलं दहशतवादविरोधी पथकाने पकडली. खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात. जून २०२१ मध्ये निकाल लागला, तिघांना शिक्षा, दोघे निर्दोष. नऊ वर्षांनी निर्दोष. ती मुलं कार्यकर्ते नव्हती, त्यांना ओढूनताणून आमच्या विषयात बसवायचं नाही. पण कायदा तोच आणि तारीखही तीच. एका तारखेसाठी नांदेडहून देवगिरीने रात्रभर जायचं, कोर्टात कळायचं की आज साहेब रजेवर आहेत, संध्याकाळी परत गाडी. त्या घरांनी नऊ वर्षांत किती तिकिटं काढली असतील? मुंबईच्या सिनेमात तारीख म्हणजे वेळ. आपल्याकडे तारीख म्हणजे वेळ, तिकीट आणि बुडालेला रोज.

नांदेडहून रेल्वेने लातूरला यायचं तर परभणीवरून यावं लागतं. यावेळी आम्ही आलो तेव्हा परभणी स्टेशनवर गाडी बरीच थांबली. स्टेशनजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ ला विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमध्ये धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होते, कायद्याचे विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांचा उल्लेख आला, सरकारने विधिमंडळात मारहाण झाल्याचं नाकारलं. आईने औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही ते टिकलं नाही. नांदेडला कुणी विचारलं, सोमनाथ मानवी हक्क कार्यकर्ते होते का? कोणत्या संघटनेचे? संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये जो जाहीरनामा केला त्यात संघटनेचं कार्ड मागितलेलं नाही. माणूस काय करत होता एवढंच बघायचं. संविधानाच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्या गर्दीतून ज्याला उचललं, त्याला आणखी कोणता दाखला लागतो?

सिनेमात वासुदेवची बायको साक्ष देते. उषा बाने यांनी ते काम केलंय, आणि आमच्या मते सिनेमातलं सर्वांत मोठं काम तेच. नवरा दारू प्यायचा कारण प्यायल्याशिवाय त्या वासात उतरता येत नव्हतं. मॅनहोलमध्ये खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं. गॅसने एक डोळा गेलेला. संरक्षणाचं काही साधन नाही. ती सांगते कोरडेपणाने, जणू दुसऱ्याचं. गाण्याने कुणी मेलं नाही हे पाच मिनिटांत उघड होतं. मग ज्याने त्याला साधनाशिवाय उतरवलं त्याच्यावर खटला कुठे आहे? २०१३ चा कायदा आहे ना, माणसाने मैला साफ करू नये असा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठजवळच्या भाऊच्या तांड्यावर सेप्टिक टँकमध्ये पाच माणसं मेली. गाणारा आत जातो, उतरवणारा मोकळा, हे सिनेमा एका साक्षीत सांगून टाकतो आणि त्यावर भाष्य करत नाही. इथे त्याचा कोरडेपणा आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आणखी एक गोष्ट, ती आमच्यावरच उलटते. सिनेमात सरकारी साक्षीदार हा आधीच्या अनेक खटल्यांतही साक्षीदार असल्याचं उघड होतं. लोक हसतात. आमच्यातल्या एकाने वीसेक वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवरून उठून एका पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली होती. वाचलं नाही. हवालदार ओळखीचा होता, नाही कसं म्हणायचं? त्या कागदावर कुणाचं काय झालं ते त्याने नंतर कधी विचारलंही नाही. सिनेमा पहिल्यांदा पाहताना तोही त्या दृश्याला हसला होता.

शेवटचं जामिनाचं. सिनेमात एक लाखाचा जामीन होतो आणि पैसे वकीलच भरतात. व्होरा चांगला माणूस आहे, सुखवस्तू घरचा आहे, त्याच्याकडे एक लाख आहेत. ज्या शाहिराला व्होरा भेटला नाही त्याचं काय? लातूरला हा प्रश्न एका शेतमजूर बाईंनी विचारला, आमच्या कागदात तो नव्हता. आपल्याकडे जामिनाचा हुकूम झाला तरी जामीनदार लागतो, आणि जामीनदार म्हणजे सातबारा. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या शेजाऱ्याच्या नावावरही बहुधा नसते. जमीनवाला पोलिसांच्या वहीत नाव नको म्हणून मागे सरतो. असे हुकूम झालेले आणि आतच बसलेले लोक तुमच्या-आमच्या जिल्ह्यात आहेत. बाई म्हणाल्या, माझ्या भावाला जामीन झाला होता, पण सव्वा महिना जामीनदार मिळाला नाही.

त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, मी देतो माझा सातबारा, पण तो चालेल का, त्यावर बँकेचा बोजा आहे. एक निवृत्त तलाठी बसले होते, ते उठून पुढे आले. त्यानंतर सिनेमावर चर्चा झालीच नाही. रात्री साडेदहापर्यंत लोक विचारत होते की ऐपतीचा दाखला तहसीलमधून मिळायला किती दिवस लागतात आणि सोबत काय काय कागद जोडायचे.